मुलांनी सोशल मीडियावर नको ते टाकलंय, आता काय करायचं? पहिल्या तासापासून पुढच्या महिन्यापर्यंत

कुणीतरी तुम्हाला एक स्क्रीनशॉट पाठवतं, बहुतेक वेळा नात्यातलं कुणी किंवा वर्गातल्या दुसऱ्या मुलाची आई, आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं, "हे तुमच्या लेकीचंच अकाउंट ना?" हा लेख त्या क्षणी काय करायचं त्याबद्दल आहे. मी नववी-दहावीच्या वर्गांची क्लास टीचर आहे आणि घरात माझा स्वतःचा पंधरा वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे हे सगळं दोन्हीकडून बघते. घाबरलेले पालकही माझ्याकडे येतात आणि घाबरलेली मुलंही येतात, आणि गंमत नाही सांगत, मुलं नव्वद टक्के वेळा त्या पोस्टला घाबरलेली नसतात, घरी कळलं तर काय होईल याला घाबरलेली असतात. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी काय करायचं नाही

पोस्टखाली कमेंट करू नका. "आत्ताच्या आत्ता डिलीट कर" असं आईने किंवा काकाने सगळ्यांसमोर लिहिलं की वर्गातली पोरं त्याचाच स्क्रीनशॉट काढतात आणि मग मूळ पोस्टपेक्षा तो जास्त फिरतो. फॅमिली ग्रुपवर टाकून "बघा हिचे प्रताप" हे तर अजिबातच नको.

दुसरं, फोन हिसकावून घेऊ नका. राग येतो हे मान्य आहे, हात आपोआप फोनकडे जातो. पण फोन तुमच्या कपाटात गेला तरी पोस्ट तिथेच असते, अकाउंट चालूच असतं, त्यावर कोण काय लिहितंय हे तुम्हालाही दिसत नाही आणि मुलालाही दिसत नाही. आणि पुढच्या वेळी त्याच मुलाचं दुसरं अकाउंट मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या फोनवर निघालेलं असतं जे तुम्हाला कधीच कळणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फोटो अंगावर कमी कपडे असलेला किंवा तसल्या स्वरूपाचा असेल तर तो स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह करायचा नाही, नवऱ्याला-बायकोला दाखवायला पाठवायचा नाही, टीचरलाही पाठवायचा नाही. कारण पुढे सांगते.

पायरी १ : नेमकं काय बाहेर गेलंय ते ओळखा

सगळ्या पोस्ट सारख्या नसतात आणि सगळ्यांना एकच औषध चालत नाही. मी साधारण असं बघते. ओळख किंवा पत्ता उघडा पडलाय का? रोजचा ठावठिकाणा कळतोय का? मनातलं दुखणं चारचौघात मांडलंय का? शरीराचे फोटो आहेत का? की दुसऱ्याच कुणाची खासगी गोष्ट टाकलीय? शिवाय दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचे, हे कुणाकुणाला दिसतंय, आणि कुणी याचा वापर करायला सुरुवात केलीय का, म्हणजे धमकी, पैशाची मागणी, विचित्र डीएम (खासगी मेसेज) वगैरे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल, किंवा पोस्टमध्ये जीव देण्याची भाषा असेल, तर बाकी सगळं सोडून पायरी ४ किंवा ५ वर जा. बाकीच्या बाबतीत तुमच्याकडे आजची रात्र आहे, ओरडाआरडा न करता विचार करायला.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण हे दरवर्षी होतं. दहावीचं हॉलतिकीट हातात आलं की मुलं त्याची स्टोरी टाकतात. वर "ऑल द बेस्ट टू मी" वगैरे, खाली रडणारा इमोजी. आपल्याला वाटतं यात काय एवढं. पण त्या एका कागदावर मुलाचं पूर्ण नाव आहे, आईचं नाव आहे, फोटो आहे, सही आहे, सीट नंबर आहे, केंद्र आहे आणि कुठल्या तारखेला किती वाजता कुठला पेपर ते सगळं आहे. म्हणजे हे मूल मार्चमधल्या अमुक दिवशी अमुक वाजता कुठल्या भागात असणार हे लिहून दिलेलं. आणि बोर्डाचा निकाल ऑनलाइन बघायला काय लागतं? सीट नंबर आणि आईचं नाव. बस. दोन्ही त्याच फोटोत.

बऱ्याच मुलांना वाटतं वरून फोनमधल्या पेनने खरडलं की झालं. हायलायटर टाइपचा ब्रश वापरला असेल तर फोटोचा ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसतात. झाकायचं असेल तर तो भाग सरळ क्रॉप करायचा, नाहीतर पूर्ण काळा चौकोन टाकायचा. खरं तर फोटोच नको, "हॉलतिकीट आलं" एवढं लिहिलं तरी मित्रांना कळतं.

हेच बाकीच्या कागदांचं. नवीन लर्निंग लायसन्स, आधार कार्ड, कॉलेजचं आयडी, मार्कशीट, रेल्वेचं तिकीट ज्यावर पीएनआर दिसतोय, नवीन गाडीसमोरचा फोटो ज्यात नंबर प्लेट स्वच्छ वाचता येते.

ठावठिकाण्याचं जरा वेगळं असतं, तो एका पोस्टमधून कळत नाही, सवयीतून कळतो. क्लास सुटल्यावर रोज त्याच वडापावच्या गाडीवरून स्टोरी, युनिफॉर्मवरचा शाळेचा बॅज दिसतोय, मागे सोसायटीच्या गेटवरचं नाव दिसतंय, संध्याकाळी ट्यूशनच्या जिन्यातली रील. बघणाऱ्याला काही शोधावंच लागत नाही. आणि गणपतीत तर अख्खं घर गावी निघालं की मुलं पनवेल सोडायच्या आतच "दहा दिवस कोकण" म्हणून स्टोरी टाकतात, म्हणजे घराला कुलूप आहे ही जाहिरातच झाली ना. स्नॅपचॅट वापरत असतील तर स्नॅप मॅप आवर्जून बघा, ॲप उघडलं की नकाशावर मूल कुठे आहे ते मित्रयादीतल्या लोकांना दिसू शकतं, आणि मित्रयादीत कोण कोण आहे हे मुलालाच आठवत नसतं. त्यात घोस्ट मोड नावाची सेटिंग आहे, ती चालू केली की लोकेशन दिसत नाही.

पायरी २ : बोलणं

हीच पायरी लोक घाईत उरकतात आणि माझ्या मते यातच सगळं आहे.

एकट्याशी बोला. आजीआजोबांसमोर नाही, धाकट्या भावंडासमोर तर नाहीच. जेवणाच्या ताटावरही नको, मूल अर्धं जेवण टाकून उठतं आणि मग विषय तिथेच राहतो. बऱ्याच मुलांना समोरासमोर डोळ्यात बघून बोलणं जमत नाही, त्यांच्याशी गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, गच्चीत कपडे काढताना बोललेलं चालतं. तुम्हाला कसं कळलं ते लपवू नका. उगाच "मला सगळं कळतं" असं म्हटलंत तर पुढचा महिनाभर मूल कोण चुगली करतंय याचाच शोध घेत बसेल.

हॉलतिकिटाचंच घेऊ. एका आईने मला सांगितलेलं बोलणं साधारण असं होतं:

"परवाची तुझी हॉलतिकिटाची स्टोरी मला शेजारच्या काकूंनी दाखवली. ती कुणाकुणाला दिसते गं?"

"सगळ्यांना. आई, सगळ्यांनीच टाकलंय, मी एकटीने नाही."

"टाकलं असेल ना. मी रागवायला नाही आले. आपण दोघी मिळून एकदा बघू, ओळख नसलेल्या माणसाला त्यातून काय काय कळतं. फोन तुझ्याच हातात राहू दे."

मुलीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाव, फोटो, केंद्र. "यात तुझं पण नाव आहे."

"आणि निकाल बघायला काय काय टाकावं लागतं?"

"सीट नंबर... आणि आईचं नाव." मग थोडा वेळ गप्प. "म्हणजे माझे मार्क वर्गातला कुणीही बघेल? माझ्या आधी?"

"हो."

तिने तिथल्या तिथे स्टोरी काढली. आईने काढायला सांगितलंच नव्हतं.

यात बघण्यासारखं काय आहे, तर मुलीला काय लागलं ते बघा. "बाहेर वाईट माणसं असतात" हे वाक्य मुलं दुसरीपासून ऐकतात, ते कानावरून जातं. पण ओळखीच्या चार पोरांना आपले मार्क आपल्याआधी कळणार हे लागलं. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी अनोळखी माणसापेक्षा ओळखीच्या माणसाची भीती मोठी असते, आणि खरं सांगायचं तर माझ्यापर्यंत आलेल्या प्रकरणांत त्रास देणारं बहुतेक ओळखीतलंच निघालं, जुना मित्र, भांडण झालेली मैत्रीण, ब्रेकअप झालेला मुलगा. त्यामुळे धोका समजवायचा तर त्यांच्या जगातला समजवा.

काही वाक्यं मात्र तोंडातून निघू देऊ नका. "तुला काही अक्कल आहे का", "आमचं नाक कापलंस", आणि "लोक काय म्हणतील". हे शेवटचं आपल्या तोंडात इतकं बसलंय की निघतंच, पण त्याचा परिणाम काय होतो ते सांगते. ब्लॅकमेल करणाऱ्या माणसाकडे मुळात एकच हत्यार असतं, "तुझ्या घरी पाठवीन". ज्या मुलीला खात्री आहे की घरी कळलं तर आई रडेल, बाबा चिडतील पण शेवटी दोघं माझ्याच बाजूने उभे राहतील, तिच्यावर ते हत्यार चालत नाही, ती दुसऱ्या मिनिटाला फोन घेऊन तुमच्याकडे येते. आणि ज्या मुलीला वाटतं घरी कळलं तर माझी शाळा बंद, ती पैसे देते, आणखी फोटो देते, महिनोन् महिने सहन करते. म्हणून आज साध्या हॉलतिकिटावरून तुम्ही कसे वागता याच्यावर उद्या मोठं काही झालं तर तुम्हाला कळणार की नाही हे ठरतं. मुलांच्या बाबतीतही हेच, उलट मुलगे आणखी कमी बोलतात कारण "मुलगा असून रडतोस काय" हे त्यांना आधीच ऐकवलेलं असतं.

पायरी ३ : साफसफाई, मुलाच्याच हातून

हे काम एका बैठकीत होतं, तासभर ठेवा. फोन मुलाच्या हातात, तुम्ही शेजारी.

स्टोरी चोवीस तासांनी जाते असं आपण म्हणतो पण ती आर्काइव्हमध्ये राहते आणि हायलाइटमध्ये टाकली असेल तर प्रोफाइलवरच दिसत राहते. इन्स्टाग्रामवर डिलीट केलेली पोस्ट "रीसेंटली डिलीटेड"मध्ये तीस दिवसांपर्यंत राहू शकते, तिथूनही काढा. तीच गोष्ट व्हॉट्सॲप स्टेटसला आणि फेसबुकलाही गेली होती का ते विचारा. मित्रांनी टॅग केलेले फोटो वेगळे बघावे लागतात, त्या मित्राला मुलानेच साधा मेसेज करायचा, "अरे तो फोटो काढ ना, त्यात पत्ता दिसतोय". तुम्ही त्या मित्राच्या आईला फोन लावू नका, निदान लगेच तरी.

मग बायो, म्हणजे प्रोफाइलवर नावाखाली लिहिलेली ओळख. शाळेचं नाव, इयत्ता, जन्मतारीख, स्नॅपचा आयडी, कधीकधी चक्क मोबाइल नंबर. सगळं काढा.

मग फॉलोअर. इथे वेळ जातो पण इथेच खरं काम आहे. अकाउंट पब्लिकचं प्रायव्हेट केलं तरी आधीचे सगळे फॉलोअर आत राहतातच, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं प्रायव्हेट केलं म्हणजे दार बंद झालं. यादी खाली सरकवत जायची आणि प्रत्येक नावाला मुलाने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, हा रस्त्यात समोर आला तर मी ओळखेन का. नाही म्हटलं की रिमूव्ह. इन्स्टाग्रामवर रिमूव्ह केल्याचं नोटिफिकेशन समोरच्याला जात नाही, हे सांगितलं की मुलं निवांत होतात आणि पटापट काढतात. फॉलोअर कमी झाल्याचं मुलांना खरंच वाईट वाटतं, त्याला हसू नका.

आता एक गोष्ट जी जवळजवळ प्रत्येक घरात सापडते. इन्स्टाग्रामला किमान वय तेरा लागतं, म्हणून मुलाने सहावीत असताना जन्मसाल खोटं टाकून अकाउंट काढलेलं असतं. आता मूल पंधराचं आहे पण इन्स्टाग्रामच्या हिशोबाने वीस-एकवीसचं. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून टीन अकाउंट आली, त्यात अठरापर्यंतच्या मुलांना अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी लोकांचे मेसेज अडवले जातात, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन शांत राहतात, आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायचं असेल तर पालकाची परवानगी लागते. पण खोट्या वयाच्या अकाउंटला यातलं काही लागू होईलच असं नाही. म्हणून सेटिंगमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन जन्मतारीख बघा आणि खरी करा. ॲप ओळखपत्र किंवा सेल्फी व्हिडिओ मागू शकतं, म्हणून हे काम घाईत नको.

शेवटी पासवर्ड. बेस्ट फ्रेंडला किंवा बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंडला पासवर्ड देणं ही मुलांमध्ये विश्वासाची खूण आहे. त्याबद्दल भाषण न देता पासवर्ड बदला, कुठल्या कुठल्या फोनवर लॉगिन आहे ते बघून बाकीचे लॉगआउट करा, टू-फॅक्टर चालू करा, म्हणजे नवीन फोनवर लॉगिन करताना पासवर्डसोबत एक कोडही लागतो.

पायरी ४ : पोस्टमध्ये दुखणं असेल तर

ब्रेकअप, मैत्रीतलं भांडण, "या घरात मला कुणी समजून घेत नाही", बाबांच्या दारूबद्दल, आईबाबांच्या भांडणाबद्दल. हे वाचून पालकांना सगळ्यात जास्त झोंबतं कारण घराचं बाहेर गेलं. पण आधी पोस्ट काढायला लावू नका. आधी विचारा, काय झालंय. आधीच पोस्ट काढायला लावली की मुलाला वाटतं, यांना माझ्या दुखण्यापेक्षा यांच्या इभ्रतीचं पडलंय. ऐकून झाल्यावर, कदाचित दुसऱ्या दिवशी, पोस्टचं बोला. मूल जिथे बोलतंय तिथून काढायचं असेल तर बोलायला दुसरी जागा द्यावी लागते, मामा असेल, मोठी चुलत बहीण असेल, शाळेतल्या काउन्सेलर असतील, किंवा क्लोज फ्रेंड्सच्या यादीत खरोखर जवळची दोन-तीन माणसं. रात्री अकरानंतर लिहिलेलं काहीही आधी फोनच्या नोट्समध्ये ठेवायचं, सकाळी वाचून मग टाकायचं की नाही ते ठरवायचं, ही युक्ती माझ्या वर्गातल्या मुलांना पटलेली आहे.

पोस्टमध्ये "मी नसले तर कुणाला फरक पडणार नाही", "आता बस झालं", "सगळ्यांना सॉरी" असं काही असेल, किंवा हातावर कापल्याच्या खुणा दिसत असतील, तर उद्यावर टाकू नका. नाटक करतोय असं समजू नका. त्याच रात्री जवळ बसून स्पष्ट विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती चुकीची आहे, उलट विचारलं की बरीच मुलं पहिल्यांदा मोकळी होतात. एकटं झोपू देऊ नका. घरातल्या गोळ्या, आणि शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषध, कुलपात ठेवा. टेलि-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, पालक स्वतःही फोन करून विचारू शकतात. प्रसंग बाका असेल तर ११२ किंवा थेट जवळचं हॉस्पिटल.

पायरी ५ : शरीराचे फोटो, धमकी, पैसे

इथे मुलाला ऐकायला मिळालेलं तुमचं पहिलं वाक्य हे असू द्या, "तू सांगितलंस हे बरं केलंस, आता हे माझं काम." मग पुढचं.

पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी थांबत नाही. धमकी देणाऱ्याला उत्तर देणं बंद करा, पण चॅट डिलीट करू नका आणि लगेच ब्लॉकही करू नका. आधी त्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ, नंबर, यूपीआय आयडी असेल तर तो, असं सगळं कागदावर लिहून घ्या. धमकीच्या मजकुराचे स्क्रीनशॉट घ्या, पण ज्या स्क्रीनवर तो फोटो दिसतोय तिचा नको. अठरा वर्षांखालच्या मुलाचा लैंगिक स्वरूपाचा फोटो पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६७-ब खाली आणि पोक्सोखाली (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की असं साहित्य जवळ साठवून ठेवणंही गुन्ह्यात येऊ शकतं. म्हणूनच वर म्हटलं की काळजीपोटीसुद्धा तो फोटो नवऱ्याला, भावाला, टीचरला फॉरवर्ड करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण फोटोची आणखी एक प्रत तयार होते.

नंतर ॲपमध्येच रिपोर्ट करा. प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, आणि २०२१ च्या आयटी नियमांतच अशा खासगी फोटोंवरच्या तक्रारीला चोवीस तासांची मुदत घातली होती, त्यामुळे तक्रारीत "अल्पवयीन मूल" हा शब्द आणि वय ठळक लिहा. टेक इट डाउन नावाची मोफत सेवा आहे, बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली एनसीएमईसी संस्था ती चालवते, अठराच्या आत काढलेल्या फोटोंसाठी. त्यात फोटो अपलोड होत नाही, फोनवरच फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्यांकडे जातो, मग तोच फोटो तिथे ओळखून अडवता येतो. व्हॉट्सॲपवर आपसात फिरणाऱ्या फोटोंवर याचा भरवसा ठेवू नका. फोटो अठरानंतरचा असेल तर स्टॉप एनसीआयआय नावाची तशीच सेवा आहे.

पोलिसांत जायचं का, हा प्रश्न पालक मला कुजबुजत विचारतात. माझं उत्तर हो. सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन, त्यात महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. पैसे गेले असतील तर एक मिनिट न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर फोन तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही.

आणि भीती वाटते ती पोलीस स्टेशनच्या वातावरणाची ना? पोक्सो कायद्यात यावर विचार केलेला आहे. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता बातमीत छापता येत नाही. हे तुम्हाला माहीत असलं की समोर बसून शांतपणे मागता येतं. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, पोक्सोखालचा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणं हे कायद्याने बंधन आहे, शाळेला तर आहेच. त्यामुळे मुलाला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊन मग मोडू नका. "ज्यांना सांगणं गरजेचं आहे तेवढ्यांनाच सांगू, आणि आधी तुला सांगून" एवढंच वचन द्या. मुलाने स्वतः फोटो पाठवला होता म्हणून त्याच्यावरच काही येईल का ही शंका असेल तर जबाबाआधी वकिलाशी बोला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

साध्या चेहऱ्याच्या फोटोवरून एआयने घाणेरडा फोटो बनवला असेल तरीही हाच रस्ता. त्यात तर मुलाची काडीचीही चूक नाही, हे त्याला मोठ्याने सांगा, एकदा नाही, रोज.

पायरी ६ : दुसऱ्याचं टाकलं असेल तर

मैत्रिणीचं चॅट, वर्गातल्या कुणाचा झोपलेला फोटो, कन्फेशन पेजवरची कुणाची तरी गोष्ट. काढायचं, ज्याचं आहे त्याला स्वतः सांगायचं आणि माफी मागायची, तीही स्टोरी टाकून नाही, भेटून किंवा फोनवर. इथे मात्र मी कडक असते.

पायरी ७ : पुढचे काही आठवडे

नियम थोडेच ठेवा. जागा सोडल्यावर तिथली पोस्ट टाकायची, तिथे असताना नाही. कागदपत्राचा फोटो कधीच नाही. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, तुमचा पण.

आणि आता आपल्याबद्दल. मुलाचा वाढदिवस म्हणून पूर्ण नाव, तारीख, वर्ष, शाळेच्या युनिफॉर्ममधला फोटो असं स्टेटस कोण टाकतं? निकालाच्या दिवशी मार्कशीट चार ग्रुपवर कोण पाठवतं? क्लासवाले चौकात फ्लेक्स लावतात, त्यावर फोटो, मार्क, शाळा सगळं असतं आणि आपण त्याचा फोटो काढून पुन्हा शेअर करतो. क्लासला सांगता येतं की काय छापायचं आणि काय नाही, आणि ते मुलाला विचारून सांगा. मुलाचा फोटो टाकण्याआधी त्याची परवानगी घेतली की मूलही मित्रांची घ्यायला लागतं, हे मी घरी बघितलंय.

मुलाच्या फोनमध्ये गुपचूप नजर ठेवणारं ॲप टाकावं का असं विचारतात. मी नको म्हणते. मुलाला ते कळतंच, आणि कळलं की जी मेहनत पायरी २ मध्ये केली ती सगळी गेली. इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटमध्ये पालकांसाठी उघड सोय आहे, मुलाला माहीत असूनच ती चालते, ती वापरा. महिनाभराने एकदा पुन्हा फॉलोअरची यादी, बायो आणि लोकेशन बघायला शेजारी बसा, आणि परीक्षा, निकाल, गणपती, सहल यांच्या आधी एकदा. दुसरं अकाउंट सापडलं, ज्याला मुलं स्पॅम म्हणतात, तर "मला आत घे" असा हट्ट धरू नका. त्यात किती जण आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाला तू प्रत्यक्ष भेटला आहेस का, एवढं विचारा. आणि १९३०, १०९८, १४४१६ हे तीन नंबर तुमच्या फोनमध्ये आणि मुलाच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा, मुलाच्या फोनमध्ये त्यानेच, स्वतःच्या हाताने.